ओठांतला काळा तुकडा : क्लॅरिनेट व सॅक्सोफोनच्या माउथपीसची निगा, दुरुस्ती आणि निवड



लग्नाच्या वरातीपुढे बँड चालला असता आपले लक्ष जाते ते मोठ्या पितळी कर्ण्यांकडे, ढोलाकडे, फार तर वादकांच्या लाल डगल्यांवरील जरीकडे. गाण्याची चाल मात्र पुष्कळदा बाजूने चाललेला, काळी नळी हाती धरलेला एखादा शांत गृहस्थ वाजवीत असतो. ती नळी म्हणजे क्लॅरिनेट. त्या गृहस्थाच्या ओठांत जो बोटाएवढा काळा तुकडा असतो तो माउथपीस. त्याच्याकडे पाहण्याचे कारण कोणालाच पडत नाही. आजचे व्याख्यान त्या तुकड्याविषयी आहे. विषय लहान आहे खरा, परंतु एवढ्याशा वस्तूवर वाद्याचा निम्मा स्वभाव अवलंबून असतो आणि आपल्याकडील कितीतरी चांगले माउथपीस केवळ अज्ञानाने फुकट जातात, म्हणून तो मांडावासा वाटला.

अज्ञानाविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, तो असा. मी चौदा वर्षांचा असताना शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकत होतो. आमच्या बँडमास्तरांनी स्वतःचा जुना माउथपीस मला वापरावयास दिला होता. उन्हाळ्याच्या सुटीत तो स्वच्छ करून परत द्यावा, अशी सद्बुद्धी मला झाली. घरी आई दुधाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात टाकून शुद्ध करीत असे. मीही माउथपीस पातेल्यात टाकला आणि पाच मिनिटे उकळला. खोलीभर काड्यापेटीसारखा गंधकाचा वास सुटला. बाहेर काढून पाहतो तो काळा कुळकुळीत तुकडा शेवाळी तपकिरी झालेला! मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिडकीच्या काचेवर तो सपाट बाजूने टेकविला आणि मला खाली वाकून पाहावयास सांगितले. काच आणि माउथपीस यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. "ही रेघ दिसली की सूर गेला," एवढेच ते म्हणाले. त्या रेघेचा अर्थ समजण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली.

प्रथम हा काळा पदार्थ कोणता ते पाहू. लाकूड नव्हे आणि आजचे साधे प्लॅस्टिकही नव्हे. हे एबोनाइट, म्हणजे कठीण केलेले रबर. चार्ल्स गुडइयर याने रबरात गंधक मिसळून ते तापविण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळविले. त्याचा भाऊ नेल्सन याने गंधकाचे प्रमाण खूप वाढवून लाकडासारखे कठीण रबर बनविले व त्याचे पेटंट १८५१ मध्ये घेतले. एबोनाइटमध्ये गंधक वजनाने तीस टक्क्यांच्या आसपास असू शकते. जुनी फाउंटन पेने, तंबाखूच्या पाइपाचे दांडे व कंगवे याच पदार्थाचे होत. त्यापूर्वी माउथपीस लाकडाचे असत. आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचेही माउथपीस लाकडीच होते. लाकूड ओलाव्याने फुगते व पिळवटते, एबोनाइट तसे करीत नाही. म्हणून ते टिकून राहिले. परंतु त्याचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि ऊन. उन्हाने पृष्ठभागावरील गंधक बाहेर येऊन रंग उतरतो, चव कडवट लागते. उकळत्या पाण्याने हेच काम पाच मिनिटांत होते व त्याखेरीज आकारही बिघडतो. माझ्या पातेल्यात घडले ते हे.

आकार बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले हे कळण्यासाठी रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आपली सनई वाजते ती जिव्हाळीने. तिच्यात दोन पात्या एकमेकींवर आपटतात आणि वादक त्या सरळ ओठांत धरतो. क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांना पाती एकच. तिला आपण रीड म्हणतो. ही दक्षिण फ्रान्सच्या व्हार प्रांतात उत्तम पिकणाऱ्या एका बोरूच्या जातीपासून करतात. दुसऱ्या पातीचे काम माउथपीस करतो. त्याच्या खालच्या अंगास एक सपाट भाग असतो, त्याला मी 'बैठक' म्हणेन. रीडचे जाड बूड त्यावर बसते व धातूच्या पट्ट्याने आवळले जाते. जर्मनीत अद्यापि कित्येक वादक पट्ट्याऐवजी दोरा गुंडाळतात. बैठकीपुढे एक लांबट खिडकी, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंस दोन अरुंद कडा. या कडा सपाट नसतात. बैठक संपल्यावर त्या अगदी हळूहळू रीडपासून दूर वळत जातात आणि टोकाशी रीड व माउथपीस यांच्यात एक फट राहते. या वळणाला 'उतार' म्हणू. क्लॅरिनेटवर उताराची लांबी साधारणतः सोळा ते वीस मिलिमीटर असते आणि टोकाची फट एक मिलिमीटरच्या थोडी पुढे. फुंकले की रीड या उतारावर लोळत जाऊन फट मिटविते, पुन्हा उघडते. मधल्या 'ला' या स्वराला सेकंदास चारशे चाळीस वेळा. बैठक वाकडी झाली, किंवा डाव्या कडेचा उतार उजवीहून थोडा आधी सुरू झाला, तर रीड नीट मिटत नाही, हवा गळते, आणि वादक बिचारा आपली फुंकर कमी पडते असे समजून गाल फुगवीत बसतो.

किती वाकडेपणा चालतो? दुरुस्ती करणारे लोक रेघा आखलेल्या काचेवर माउथपीस ठेवून त्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या सरकवितात व त्या कोठवर जातात ते वाचतात. त्यांतील सर्वांत पातळ पट्टी एक इंचाच्या दहा हजार भागांपैकी पंधरा भाग, म्हणजे सुमारे चार शतांश मिलिमीटर जाडीची असते. आपल्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड भरेल. सगळा व्यवहार या मापात चालतो, हे ध्यानात ठेवून आता स्वच्छतेकडे वळू. घासण्यापुसण्याच्या आपल्या घरगुती सवयी या मापाच्या नव्हेत.

वादन संपले की रीड काढावी, हा पहिला नियम. आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. रीड तशीच आवळून पेटीत ठेवली की तिच्याखाली लाळ साचते, बुरशी धरते, आणि पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात तर दोन दिवसांत पांढरी लव दिसू लागते. ही केवळ किळसेची गोष्ट नव्हे. वर्षानुवर्षे न धुतलेल्या वाद्यांतील बुरशी श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसास दाह झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. २०१० मध्ये एका सॅक्सोफोनवादकाचे, आणि २०१६ मध्ये इंग्लंडमधील एका बॅगपाइपवादकाचे, ज्यात रोगी दगावला. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण आळसाला सबबही नाही.

रीड काढावी, पुसून सपाट काचेवर वाळत ठेवावी, माउथपीस मऊ सुती कापडाने आतून टिपून घ्यावा. चिंधी दोरीला बांधून जोराने आरपार ओढण्याची चाल आहे, ती मला पसंत नाही. टोकाची कड फार नाजूक असते आणि दोरीला जडविलेले शिशाचे वजन तिच्यावर आपटते. आठवड्यातून एकदा साध्या, गार पाण्यात अंघोळीच्या साबणाचा थोडा फेस करून, लहान मुलांच्या मऊ दातब्रशाने आतून हलके धुवावे. क्लॅरिनेटच्या माउथपीसला खाली कॉर्क असतो, तो भिजू देऊ नये. पाणी गारच हवे, हे मी पुन्हा सांगतो. कोमट म्हणता म्हणता गरम होते. स्पिरिटचा मोह टाळावा, विशेषतः माउथपीस पारदर्शक प्लॅस्टिकचा असेल तर. अशा काही प्लॅस्टिकला स्पिरिटने बारीक तडे जातात.

जुन्या माउथपीसमध्ये खिडकीच्या आत व टोकाजवळ एक पांढरट कठीण पापुद्रा दिसतो. तो लाळेतील चुन्याचा. दातांवर बसतो तोच. नखाने किंवा टाचणीने तो खरवडणाऱ्यांचे हात आवरावेत असे मला नेहमी वाटते. चुना आंबटाने विरतो. एक भाग व्हिनेगर व दोन भाग गार पाणी यांत कापसाचा बोळा भिजवून तो पापुद्र्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग मऊ ब्रशाने झाडावे. एकदा न निघाल्यास दुसरे दिवशी पुन्हा करावे. लिंबाचा रसही चालतो. मात्र आपल्या घरांत आंबट म्हटले की पाठोपाठ राख, रांगोळी किंवा भांडी घासण्याची पूड येते. पितळेच्या समईला ते योग्य. माउथपीसच्या उताराला नव्हे. दंतमंजनसुद्धा नव्हे. चिमूटभर खरबरीत पुडीने पाच मिनिटांत घासला जाणारा थर केसाच्या जाडीच्या हिशेबात मोठा असतो. धातूचे माउथपीसही बहुधा पितळेचे असून त्यांवर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. तो एकदा गेला की खालचे पितळ ओठांस लागते.

आता जुन्याचे नवे करण्याविषयी. रंग उतरून शेवाळी झालेला एबोनाइट पुन्हा काळा करता येतो. बैठक, कडा व टोक यांवर चिकटपट्टी लावून ते झाकावे, आणि फक्त बाहेरचा गोल भाग अत्यंत बारीक पॉलिशकागदाने, पाण्याच्या हाताने, हळूहळू घासावा. शेवटी मऊ कापडाने तकाकी आणावी. झाकलेला भाग हिरवट राहिला तर राहू द्यावा. सूर रंगावर चालत नाही, आणि अंगभर नवा दिसणारा जुना माउथपीस पाहिला की मला प्रथम शंका येते ती याची, की घासणाऱ्याने बैठकही घासली नसेल ना?

वरच्या अंगास दातांच्या खुणा पडलेल्या असतात. तंबाखूचे पाइप दुरुस्त करणारे ऊब देऊन अशा खुणा फुगवितात. आपण तसे करू नये, कारण खूण भरेल आणि उतार जाईल. रबराची पातळ चिकट चकती मिळते, ती त्या जागी लावावी. दातही सरकत नाहीत व कवटीत होणारी कंपनेही कमी जाणवतात. कॉर्क सैल झाला तर वादक त्यावर कागद किंवा दोरा गुंडाळतात. वरातीच्या वेळी एखादे दिवशी ते क्षम्य आहे. परंतु नवा कॉर्क बसविणे हे अर्ध्या तासाचे काम असून शहरातील कोणताही बरा वाद्यदुरुस्तीवाला ते करून देतो. कॉर्कला कॉर्कचेच ग्रीस लावावे, खोबरेल तेल नव्हे. तेल आत मुरून खालचा गोंद सोडविते.

माउथपीस गळतो की नाही हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. रीड ओली करून नीट बसवावी, माउथपीसचे खालचे भोक तळहाताने घट्ट दाबावे आणि टोकाकडून हवा ओढून तोंड बाजूला घ्यावे. रीड चिकटून राहिली आणि एक-दोन सेकंदांनी 'टप्प' असा आवाज होऊन सुटली, तर मिटणी चांगली. मुळीच चिकटली नाही तर कोठेतरी गळती आहे. परंतु दोष माउथपीसचाच असेल असे नाही. जुन्या रीडचे बूडही वाकते. तीन वेगवेगळ्या रीड लावून पाहिल्याशिवाय माउथपीसवर आरोप ठेवू नये.

आणि आरोप सिद्ध झाला तरी पॉलिशकागद हाती घेऊ नये. कारण असे. काचेवर कागद ठेवून बैठक सपाट केली, तर बैठकीचा थर गेला तितकी ती टोकाच्या पातळीजवळ आली. म्हणजे टोकाची फट कमी झाली, शिवाय उतार आखूड झाला. आता हा उतार दोन्ही कडांवर सारखा, नवा कोरावा लागतो. बैठक दुरुस्त करणे सोपे, त्यानंतरचे काम अवघड, आणि हौशी माणूस नेमका सोपे काम करून थांबतो. दुसरेही एक आहे. काही फ्रेंच कारखाने बैठक मुद्दामच किंचित खोलगट ठेवतात. काचेवर उजेडाची रेघ दिसली म्हणून तिला 'सुधारणारा' मनुष्य निर्दोष वस्तू बिघडवितो. आमच्या मास्तरांचे वचन अशा रीतीने पूर्ण खरे नव्हते, हे मला पुढे कळले; माझ्या उकळलेल्या माउथपीसपुरते मात्र ते खरे होते, कारण तेथे रेघ एकाच बाजूस होती.

निवडीचा प्रश्न यापुढचा, आणि दुकानात सर्वाधिक पैसे वाया जातात ते येथे. तरुण वादकाची समजूत अशी असते की अमुक नामांकित वादक अमुक माउथपीस वापरतो, तो घेतला की तो सूर येईल. सूर पुष्कळसा वादकाच्या घशात व ओठांत असतो. माउथपीस काय ठरवितो, तर किती सहज वाजेल, किती झणझणीत वाजेल, आणि सुरात राहील की नाही. यातली शेवटची गोष्ट लोक विसरतात. सॅक्सोफोन हा मुळात टोक छाटलेला शंकू आहे; छाटलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती साधारण तेवढी जागा माउथपीसच्या पोकळीने भरून काढावयाची असते. पोकळी फारच लहान किंवा मोठी असेल तर माउथपीस पुढेमागे सरकवून एक स्वर जुळतो, पण खालचे आणि वरचे सप्तक एकमेकांशी फटकून राहतात. साक्सच्या मूळ माउथपीसची पोकळी मोठी व गोल होती, सूर घुमारदार. पुढे नृत्यगृहांतील गोंगाटातून सूर पुढे यावा म्हणून विसाव्या शतकात पोकळी लहान व आतले छत उंच होत गेले. छत उंच तितका सूर धारदार. जुना, शंभरीकडे झुकलेला सॅक्सोफोन घेऊन त्यावर आजचा अतिधारदार माउथपीस लावणारे आणि मग वाद्य बेसूर आहे म्हणणारे मी पाहिले आहेत. क्लॅरिनेटची नळी शंकू नसून जवळजवळ सरळ असते, म्हणून तेथे पोकळीपेक्षा आतल्या भोकाचा व्यास वाद्याशी जुळणे महत्त्वाचे. धातू की एबोनाइट की काच, या वादात मी फारसा पडत नाही. आतला आकार सारखा असेल तर पदार्थाने पडणारा फरक ऐकणाऱ्याच्या कानापेक्षा वाजविणाऱ्याच्या दातांना अधिक कळतो, असे माझे मत आहे.

माउथपीसवर कोरलेल्या आकड्यांवर विसंबून राहू नये. यामाहाचा '४ सी' क्लॅरिनेटवर १.०५ मिलिमीटर फटीचा, तर आल्टो सॅक्सोफोनवर १.६० मिलिमीटरचा असतो. सेल्मरचा आल्टोचा 'सी स्टार' १.७० चा. मेयरचा आल्टोचा '५' म्हणजे १.८० च्या आसपास, आणि ऑटो लिंकचा टेनरचा '७' म्हणजे अडीच मिलिमीटरहून थोडा अधिक. पॅरिसच्या व्हँडोरेन कारखान्याचे क्लॅरिनेटसाठीचे दोन प्रसिद्ध नमुने घ्या: '५ आरव्ही' ची फट १.०६५ आणि 'बी ४५' ची १.१९५. तेरा शतांशांचा हा फरक. परंतु पहिल्यावर तीन नंबरची रीड आरामात वाजविणारा मनुष्य दुसऱ्यावर तीच रीड लावून दहा मिनिटांत थकतो. फट मोठी तर रीड मऊ, फट लहान तर रीड कडक, हे जोडपे ध्यानात ठेवावे. मोठी फट म्हणजे मोठा आवाज असे मानून विद्यार्थी ती घेतात, मग ओठ आवळून आवळून स्वर चढा करतात.

शिकणाऱ्याने क्लॅरिनेटला एक ते १.१०, आल्टोला १.६० ते १.८० मिलिमीटरच्या दरम्यान राहावे व अडीच नंबरच्या रीडने आरंभ करावा. मात्र आपल्या संगीतासाठी एक अपवाद सांगावासा वाटतो. मींड व गमक घेण्यास स्वर ओठांनी वाकवावा लागतो, आणि अरुंद फटीवर तो फारसा वाकत नाही. स्थिर राहतो, हाच तिचा गुण. कद्री गोपालनाथ यांनी (१९४९–२०१९) कर्नाटक संगीतातील गमके सॅक्सोफोनवर आणली, आणि हिंदी चित्रपटगीतांत मनोहारी सिंग यांच्या (१९३१–२०१०) सॅक्सोफोनमधून गाण्यासारख्या वळणाने येणाऱ्या जागा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या वाटेने जाणाऱ्याने ओठ तयार झाल्यावर, एकेक पायरीने, किंचित मोठ्या फटीकडे जावे. गोव्यातील पॅरिश शाळांत सोल्फा गिरवून मुंबईच्या वाद्यवृंदांत आलेल्या वादकांसारखे जे नोटेशन समोर ठेवून दहा जणांत वाजवितात, त्यांना ही मोकळीक परवडणारी नाही.

निवड करावयास जाताना स्वतःच्या रीड व स्वतःचे वाद्य न्यावे. दुकानाच्या वाद्यावर जुळलेला माउथपीस घरी जुळेलच असे नाही. आधी हळू आवाजात सर्वांत खालचे स्वर, मग वरचे, मग दोन्ही सप्तकांत तोच स्वर, हे पाहावे. मोठ्याने तर सगळेच माउथपीस बरे वाजतात. जुन्या बाजारात घेताना टोकाची कड उजेडात धरून पाहावी. तेथे चिपा उडालेला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावा. रंग, डाग, दातांच्या खुणा, सुटलेला कॉर्क यांकडे पाहू नये. उलट त्यांवर बोट ठेवून भाव पाडून घ्यावा.

त्या उकळलेल्या माउथपीसचे काय झाले, हे विचारले जाईलच. मास्तरांनी तो मलाच देऊन टाकला होता. पुष्कळ वर्षे ड्रॉवरमध्ये पडला होता. पुढे एका जाणत्या कारागिराकडे नेला. त्याने बैठक सपाट केली तेव्हा टोकाची फट एक मिलिमीटरच्याही खाली आली. मग दोन दिवस, काच आणि पट्ट्या घेऊन, थोडे घासून थोडे वाजवून, त्याने दोन्ही कडांचा उतार नव्याने कोरला आणि फट १.०४ वर आणून ठेवली. साडेतीनची रीड लावावी लागते. रंग अजून शेवाळीच आहे. मी तो काळा करून घेतला नाही.